स्मरणपत्रे आणि मुदत

सरकारी नोकराचा कागदावर फार विश्वास. मीही तीस वर्षे कारकुनी केली. अन्याय झाला की अर्ज, उत्तर नाही आले की स्मरणपत्र, मग दुसरे, तिसरे. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याचे नाव ज्येष्ठता यादीत कनिष्ठाच्या खाली गेले. त्याने चार वर्षांत अकरा स्मरणपत्रे दिली, प्रत्येकावर बारनिशीचा शिक्का. ती जाडजूड फाइल घेऊन तो 'मॅट'मध्ये गेला, तेव्हा पहिला प्रश्न निघाला मुदतीचा.

'मॅट' म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ३२३-अ आले, १९८५ साली कायदा झाला आणि १९९१च्या जुलैत आपल्याकडे हे न्यायाधिकरण स्थापन झाले. मुंबईखेरीज नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे त्याची खंडपीठे आहेत. निवाड्याला न्यायिक सदस्याबरोबर प्रशासकीय सदस्यही असतो. शासननिर्णयांच्या जंगलात वाट काढायची तर असा माणूस हवाच! वकील न देता स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंद्रकुमार खटल्यात उच्च न्यायालयाचे दारही पुन्हा उघडले. त्याआधी इथून थेट दिल्लीच गाठावी लागे.

मेख आहे ती मुदतीत. कायदा आधी खात्यातच दाद मागायला सांगतो. त्या अपिलावर किंवा अभिवेदनावर सहा महिने निर्णय झाला नाही, तर पुढच्या वर्षभरात न्यायाधिकरणात जायचे. निव्वळ पुन्हापुन्हा अर्ज करीत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली राठोर खटल्यात स्पष्ट केले आहे. थोडक्यात, खात्याने नुसते गप्प बसावे आणि जिंकावे. मला हे अन्यायाचेच वाटते.

पुरेसे कारण असेल तर विलंब माफ होतो, नाही असे नाही. आमच्या सहकाऱ्याचे कारण काय? "साहेब दर वेळी म्हणायचे, होईल तुमचं काम, कोर्टकचेरी कशाला?" हे काही कारण ठरले नाही. अर्ज मुदतीवर फेटाळला गेला. त्याची बाजू खरी होती की खोटी, ते कुणी तपासलेच नाही. तो निवृत्त झाला आणि खालच्या पगारावरचे निवृत्तिवेतन आजही घेतो आहे.

परवा कृषी खात्यातला माझा भाचा वेतननिश्चितीचे गाऱ्हाणे घेऊन आला. "मामा, तिसरं स्मरणपत्र जरा कडक लिहून द्या." मी विचारले, "पहिला अर्ज कधीचा?" म्हणाला, "सव्वा वर्ष झालं." बोटांवर हिशेब केला. तीन महिने उरले होते. त्याला त्याच संध्याकाळी वकिलाकडे घेऊन गेलो.