हातचा येईपर्यंत

मंडळी, आज आम्ही फळ्यावर एकच संख्या लिहितो आणि तिलाच धरून बसणार आहोत: १२३४५६७८९८७६५४३२१. अंक सतरा. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली स्थानांची नावं घेतली तर हिचा पहिला १ ‘मध्य’ या घरात पडतो. पुढचं घर परार्धाचं. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच.

आपल्या खडकी स्टेशनावरून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग कल्याणच्या पुढे डोंबिवलीतून जातो. जीआयपी रेल्वेच्या काळात त्या स्टेशनावर द. रा. कापरेकरांना अशा संख्यांची कल्पना सुचली. स्टेशनाच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेमलो’ म्हटलं. देवळालीचे हे शाळामास्तर लोकांना ६१७४ मुळे माहीत असतात. आमच्या मते डेमलो जास्त गोड, कारण तिचं ‘का’ पाचवीतल्या मुलालाही दाखवता येतं.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. एक्सेलवर करून पाहू नका हं! तिथे पंधराच अंक टिकतात, शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं येतात आणि सगळी गंमत जाते. वहीतच मांडा. नऊ एकांची ओळ नऊदा लिहायची, दरवेळी एक घर डावीकडे सरकवून. आता उभ्या रांगा बघा: उजवीकडच्या पहिल्या रांगेत एकच १, दुसरीत दोन, असं करत मधल्या रांगेत नऊ, मग पुन्हा उतरण. कुठेही हातचा येत नाही. म्हणून रांगांची उंची हेच उत्तराचे अंक.

अंकांची बेरीज करा: ८१, म्हणजे ९ चा वर्ग. हाही योगायोग नाही. हातचा नसेल तर वर्गाच्या अंकांची बेरीज ही मूळ अंकांच्या बेरजेचा वर्गच असते. आणि संख्येला त्याच ८१ ने गुणलंत तर ९९९९९९९९९ चा वर्ग मिळतो.

मग दहा एक घेतले तर? बरेच जण न मांडताच सुंदर उत्तर सांगून टाकतात. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मध्ये दोन शून्यं, आरसा फुटला! मधल्या रांगेत दहा झाले, एक हातचा गेला, शेजारच्या नऊचे दहा झाले, पुन्हा हातचा. अंकांची बेरीज १०० ऐवजी ८२ भरते. अठरा कुठे गेले? दर हातच्याला दहा जाऊन एक येतो, म्हणजे नऊ कमी. दोन हातचे, अठरा. हिशेब चोख.

अकरा एकांच्या वर्गात ही बेरीज ८५ येते, खरं तर १२१ हवी होती. हातचे किती गेले, ते आधी भागाकाराने काढा, मग वहीत मांडून मोजा.