चारही चाके सारखी का नकोत?

पुणे–सोलापूर रस्त्यावर केडगावजवळच्या चौफुल्याला पाच-दहा मिनिटे उभे राहिले, की चाकांचे एक प्रदर्शनच समोरून सरकत जाते. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरची पुढची चाके लहान, मागची छातीएवढी उंच. मालमोटारीला मागे जोडचाके. मोटारीची चाके मात्र चारही सारखी! निदान आपण तसे धरून चालतो.

तिथल्याच एका टायरच्या दुकानात एक गृहस्थ आपली जुनी नॅनो घेऊन आले होते. मागचे दोन्ही टायर झिजले होते. पुढच्या मापाचे टायर दुकानात होते, मागच्या मापाचे नव्हते. "पुढचेच चारी बाजूंना बसवा की," गृहस्थ म्हणाले. "भोके तीच, रिम बाराचीच. काय फरक पडतो?" दुकानदार तयार होईना. "मागं जाडच पाहिजे, साहेब," एवढेच तो म्हणत राहिला. का पाहिजे, ते त्याला सांगता येत नव्हते. पण त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि त्याचे कारण शोधू गेले तर आपल्या पाठ्यपुस्तकातला एक नियमच अडचणीत येतो.

नॅनो ही टाटा मोटर्सच्या पुण्यातील अभियंत्यांच्या हातून घडलेली गाडी. २००८ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ती लोकांनी प्रथम पाहिली. २००९ मध्ये ती विक्रीला आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या पुढच्या टायरवर १३५/७० आर १२ असे छापलेले असे आणि मागच्यावर १५५/६५ आर १२. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो, की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांमध्ये. यावरून दोन्ही चाकांचा पूर्ण व्यास तुम्हीच काढून पाहा. पुढचे सुमारे ४९४ आणि मागचे सुमारे ५०६ मिलिमीटर येईल. म्हणजे उंचीत फरक बोटभराचाही नाही. खरा फरक रुंदीत आहे.

ट्रॅक्टरचे कारण वेगळे आहे. त्याला भुसभुशीत जमिनीत न रुतता ओढ काढायची असते. नॅनोचे कारण वळणात दडलेले आहे. तिचे ६२४ घनसेंटिमीटरचे इंजिन मागच्या बाजूला, आसनाखाली बसवलेले आहे. त्यामुळे वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर पडतो. हिशोब सोपा व्हावा म्हणून गाडी ६०० किलोग्रॅमची धरू. त्यांपैकी २४० पुढच्या चाकांवर, ३६० मागच्यांवर. ही गाडी ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, ७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर आली. केंद्राभिमुख त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या; ते ३ आले. तेव्हा पुढच्या चाकांना रस्त्याकडून ७२० न्यूटन बल आडवे मिळाले पाहिजे आणि मागच्यांना १०८० न्यूटन.

आता पाठ्यपुस्तक उघडा. घर्षणबल पृष्ठावरील दाबाच्या प्रमाणात असते आणि ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. मागे भार दीडपट, म्हणून मिळू शकणारे घर्षणही दीडपट. आणि गरजही नेमकी दीडपटच! हिशोब चोख जुळला. मग टायर रुंद असो की अरुंद, बिघडले कुठे? गृहस्थांचा प्रश्न अगदी शास्त्रशुद्ध होता म्हणायचा.

मात्र हा नियम लाकूड, लोखंड अशा कडक पदार्थांवरच्या प्रयोगांतून आलेला आहे. रबर त्या जातीचे नाही. ते दबते, ताणले जाते, रस्त्याच्या खडबडीत शिरते. भार दुप्पट केला तर रबराची पकड वाढते, पण दुपटीला पोचत नाही. जास्त भाराखालच्या रबराला प्रत्येक किलोमागे थोडी कमीच पकड मिळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. खोडरबर कागदावर दाबून बाजूला रेटा. त्याचे टोक कागदाला धरून राहते आणि अंग मात्र कलते. वळणावर टायरचे असेच होते. रस्त्याला टेकलेला भाग चिकटून राहतो, वरचे चाक थोडे बाहेर ढकलले जाते. चाक फिरत असल्याने रबराचा पुढचा तुकडा रस्त्यावर किंचित बाजूला टेकतो, त्याच्या पुढचा आणखी बाजूला. परिणाम असा, की चाकाचे तोंड ज्या दिशेला असते त्या दिशेला ते नेमके जात नाही. दोन्हींत थोडा कोन राहतो. त्याला आपण ढळण्याचा कोन म्हणू. विशेष म्हणजे टायर घसरत नसतानाही हा कोन असतो. कोन नसेल तर आडवे बलही नाही.

चारही टायर सारखे असतील, तर दीडपट बल देण्यासाठी मागच्या टायरांना पुढच्यांपेक्षा जास्त ढळावे लागते. कारण भाराबरोबर त्यांचा ताठपणा दीडपट वाढलेला नसतो. मागचा भाग जास्त बाहेर गेला, की गाडीचे तोंड चालकाने मागितले त्याहून अधिक आत वळते. वळण आणखी आवळते, म्हणून आडव्या बलाची गरज वाढते, म्हणून मागचा भाग आणखी ढळतो. इंग्रजीत याला ओव्हरस्टिअर म्हणतात. कमी वेगात चालक चक्र थोडे सोडून हे सावरतो. वेग वाढला, पाऊस पडून रस्ता निसरडा झाला, किंवा घाबरून वळणातच ब्रेक दाबला, तर गाडी गर्रकन फिरू शकते. पुढची चाके जास्त ढळली तर उलट होते. गाडी वळणाबाहेर जाऊ पाहते, चालक चक्र आणखी फिरवतो आणि वेग कमी करतो. सामान्य माणसाच्या हातून हे सहज घडते. म्हणून बहुतेक गाड्या मुद्दाम अशाच, अंडरस्टिअरकडे झुकणाऱ्या, बनवतात.

मागे रुंद आणि बुटक्या भिंतीचा टायर बसवला, की तो जास्त ताठ राहतो. तेच बल तो लहान कोनात देतो. नॅनोची १५५ ची मागची चाके एवढ्याचसाठी.

गंमत अशी, की लाखभर रुपयांची म्हणून गाजलेली ही गाडी या बाबतीत जगातल्या महागड्या स्पोर्ट्स कारच्या पंक्तीला बसते. जर्मनीच्या पोर्शे ९११ चे इंजिनही मागे असते. १९६४ पासून बनलेल्या पहिल्या ९११ ला चारही चाके सारखीच होती आणि वळणावर तिची शेपटी फटकन बाहेर येई. तोल साधावा म्हणून कारखान्याने काही काळ पुढच्या बंपरच्या दोन टोकांत ११–११ किलोग्रॅमचे बिडाचे ठोकळे बसवले! पुढे पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर वाढवले आणि नंतरच्या जोरदार नमुन्यांना मागे रुंद चाके आली. अमेरिकेच्या १९६० सालच्या शेव्हरोले कॉर्वेअरलाही इंजिन मागे, चाके चारही सारखी. तिथे तोल हवेच्या दाबावर सोपवला होता: पुढे १५ पौंड, मागे २६. पुढचे टायर मुद्दाम मऊ ठेवून जास्त ढळू द्यायचे. पंपावरच्या माणसाने सवयीने चारही चाकांत सारखी हवा भरली, की सगळे मुसळ केरात. तिच्या मागच्या आसाच्या रचनेतही दोष होता. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये आपल्या पुस्तकात या गाडीवर कडक टीका केली.

मग हौशी लोक स्पोर्ट्स कारची पुढची-मागची चाके सारखी का करून घेतात? इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना आणि वजन दोन्हीकडे जवळपास समान, अशा गाड्यांनाही कारखाना पुष्कळदा मागे रुंद टायर देतो. त्यांतला काही भाग निव्वळ खबरदारीचा असतो. शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर सराईत चालकाला ही खबरदारी जड वाटते. पुढेही रुंद टायर घातले तर गाडी चटकन वळते. शिवाय पुढचे टायर मागे, मागचे पुढे अशी अदलाबदल करून ते सारखे झिजवता येतात. वजन समान वाटले असेल तिथे हा बदल विचारपूर्वक करता येतो. इंजिन मागे असलेल्या गाडीत, आणि तेही रोजच्या रस्त्यावर, तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. नॅनोला चारही १३५ चे घाला किंवा चारही १५५ चे, पुढच्या-मागच्या पकडीतला फरक दोन्ही प्रकारांत पुसला जातो.

त्या गृहस्थांना मी हे सर्व दुकानाच्या बाकावर बसून कागदावर काढून दाखवले. दुकानदाराने मागचे माप पुण्याहून मागवून घेतले.

रबराचा विचित्र स्वभाव तुम्हाला प्रयोगशाळेत पाहता येईल. लाकडी ठोकळ्याच्या तळाला रुंद खोडरबर चिकटवा. ठोकळा स्वच्छ, कोरड्या काचेवर ठेवून त्यावर क्रमाने वजने वाढवत जा आणि प्रत्येक वेळी तो संथपणे सरकवायला लागणारे बल ताणकाट्यावर वाचा. मग खोडरबर काढून नुसत्या लाकडावर तोच प्रयोग करा. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा. लाकडाचे बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतील. रबराची रेषा वर जाताना किंचित खाली वाकलेली दिसली पाहिजे. त्यासाठी वजने मात्र भरपूर घ्या, दोन-चारशे ग्रॅमांत तो बाक दिसणार नाही.