नेपच्यूनचे वारे आणि तळीयेचा डोंगर

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावाच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. सावित्रीच्या पुराने महाड वेढलेले, रस्ते पाण्याने आणि दरडींनी अडलेले. बाहेरची बचाव पथके पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. अशा दुर्घटनेनंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो : ज्याला घरामागचा डोंगर कळत नाही, त्या माणसाने दूरच्या ग्रहांची उठाठेव करावीच कशाला? हा प्रश्न संतापातून येतो. म्हणूनच तो हसण्यावारी नेणे उचित नव्हे.

या उठाठेवीचे सर्वांत लांबचे उदाहरण नेपच्यूनचे आहे. २० ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेने सोडलेले व्हॉयेजर २ हे यान गुरू, शनी आणि युरेनस यांच्या गुरुत्वाकर्षणाचा हातभार घेत २५ ऑगस्ट १९८९ रोजी, म्हणजे बारा वर्षांनी, नेपच्यूनजवळून गेले. तेथे जाणारे ते आजवरचे एकमेव यान. सूर्यापासून सुमारे ४५० कोटी किलोमीटरवरच्या या ग्रहावर पृथ्वीच्या मानाने सूर्यप्रकाशाचा नऊशेवा भाग पोहोचतो. तेथे उतरावे तर पायाखाली जमीन नाही. हायड्रोजन, हेलियम आणि मिथेन यांचे वातावरण खाली खाली दाट होत जाते. तपमान उणे २०० अंशांच्या आसपास आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २००० किलोमीटर. ही वार्ता वीसएक वॅट शक्तीच्या प्रक्षेपकाने पाठविली आणि ती पृथ्वीवर यायला चार तासांहून किंचित अधिक वेळ लागला.

आता खर्चाचा हिशेब. दोन्ही व्हॉयेजर यानांवर १९७२ पासून नेपच्यूनभेटीपर्यंत सुमारे ८६.५ कोटी डॉलर खर्च झाले. सतरा वर्षे आणि तेवीस कोटी लोकसंख्या धरली तर तो दरडोई दरसाल पाव डॉलरही भरत नाही. एका खर्चामुळे दुसऱ्या कोणत्या गोष्टीला मुकावे लागले, हे अर्थशास्त्र विचारते. परंतु ग्रहांवरचा पैसा वाचविला असता तर तो आपोआप डोंगरउतारावरच्या वाडीच्या सुरक्षिततेकडे वळला असता, असे मानण्यास आधार नाही. वाडीकडे पैसा वळतो तो निश्चयाने, अन्यत्र झालेल्या काटकसरीने नव्हे.

आणि उणीव केवळ पैशाची आहे काय? जुलै २००५ मध्ये याच महाड-पोलादपूर परिसरात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या होत्या. म्हणजे तळीयेपूर्वी सोळा वर्षांचा अवधी हाती होता. व्हॉयेजरला नेपच्यून गाठण्यास बारा वर्षे पुरली. तळीयेनंतर दोनच वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली.

नेपच्यूनचा शोध मुळात लागला तो एका किरकोळ विसंगतीची दखल घेतल्यामुळे. युरेनस अपेक्षित मार्गावरून किंचित ढळतो, हे पाहून लव्हेरिए यांनी गणित मांडले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या गणिताच्या आधारे ग्रह सापडला. डोंगरही कोसळण्यापूर्वी अनेकदा अशीच सूचना देतो : जमिनीला भेग पडते, झाडे कलतात, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. त्या आठवड्यात पलीकडच्या महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वाडीवाडीला पर्जन्यमापक, भेगांची नोंद ठेवणारा प्रशिक्षित माणूस, वीज गेली तरी चालणारे संदेशयंत्र आणि स्थलांतरासाठी आधीच ठरलेली जागा, एवढ्यासाठी ग्रहयात्रेइतके भांडवल लागत नाही. लागते ती नोंदीची शिस्त आणि तिच्यावर वेळीच कृती करण्याची तयारी.

तेव्हा तळीयेच्या नावाने मागणी करावयाची ती नेपच्यूनकडे पाठ फिरविण्याची नव्हे. ४५० कोटी किलोमीटरवरचा क्षीण संदेश ऐकण्यासाठी जी चिकाटी दाखविली गेली, तिचा अल्प अंश तरी सह्याद्रीच्या उतारांच्या वाट्याला यावा, ही खरी मागणी आहे. ती पुढच्या पावसाळ्यापूर्वी मान्य व्हावयास हवी.