अधिकाराची वाटणी

मनुष्य कितीही कर्तबगार असला, तरी एकाच वेळी दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. म्हणून कुटुंबप्रमुखापासून राज्यकर्त्यापर्यंत प्रत्येकाला आपले काही काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. परंतु गड्याला विहीर खोदावयास सांगावी आणि कुदळ मात्र स्वतःच्या घरात कुलपात ठेवावी, असा प्रकार पुष्कळदा शहाण्या माणसांच्या हातूनही घडतो.

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात कामरगाव आहे. तेथून मुंबई शेकडो किलोमीटर दूर. समजा, ऐन पावसाळ्यात तेथील शाळेचे छप्पर गळू लागले. दुरुस्तीचा हुकूम मुंबईच्या कचेरीतूनच यावयाचा असेल, तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत पावसाळा सरेल आणि मुले भिजत राहतील. यात मंत्री आळशी असतो असे नव्हे. राज्यातील हजारो गावांची छपरे एका माणसाला दिसणार कशी?

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी स्थापन झाले. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे यवतमाळ जिल्ह्यातील गहुली गावचे. खेड्याच्या अडचणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. समितीच्या शिफारशींवरून 1961 साली कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कामाला लागल्या. कामरगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी निराळा झाला.

प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, शेतीसुधारणा अशी कामे सरकारने जिल्ह्याकडे दिली. नुसती कामे मात्र दिली नाहीत; त्यांबरोबर नोकरवर्ग दिला, पैसा दिला आणि निर्णय घेण्याचा अधिकारही दिला. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण होय, कारण अधिकार दिला म्हणजे दुसऱ्याच्या चुकाही काही काळ सोसाव्या लागतात. पहिली चूक होताच काम परत ओढून घेणारा अधिकारी पुढे सारे ओझे एकटाच वाहतो.

तथापि काम सोपविणारा जबाबदारीतून सुटत नाही. शिवाजी महाराजांच्या गडांवर या गोष्टीची फार चांगली व्यवस्था होती. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे आणि धान्य-सामग्री कारखानिसाकडे असे. प्रत्येकजण आपल्या कामाचा धनी. पण कोणा एकाच्या मनात आले म्हणून गड शत्रूला देता येत नसे. जिल्हा परिषदेच्या खर्चाचेही असेच लेखापरीक्षण होते.

गावात ग्रामपंचायत आणि ग्रामसभा असते. तेथे गावकरी पंचायतीच्या खर्चाचा जाब विचारू शकतात. गळत्या छपराचा प्रश्नही प्रथम तेथेच निघतो, आणि सरपंच गावातच राहत असल्यामुळे उत्तरासाठी त्याला गाठणे फारसे अवघड नसते.