कुकरची शिटी काय सांगते?

"वरणाला किती शिट्या द्याव्या?" हा प्रश्न हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो, आणि 'तीन' किंवा 'चार' असें उत्तरही तितक्याच सहजपणें मिळतें. परंतु शिटी हें शिजण्याचें माप नव्हे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. म्हणून ह्या भांड्याचें मर्म आमच्या विद्यार्थ्यांपुढें, व त्यांच्या द्वारें त्यांच्या घरच्या मंडळींपुढें, मांडावें असें आम्हांस वाटतें.

उघड्या पातेल्यांतील पाणी समुद्रकाठीं १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. मग आंच कितीही वाढवा, तें अधिक तापत नाहीं. त्याची वाफ मात्र लवकर होते. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं हवेचा दाब कमी असल्यामुळें तें ९५-९६ अंशांवरच उकळतें, आणि तेथें डाळ शिजण्यास अधिक वेळ लागतो. कुकरांत ह्याच्या उलट घडतें. वाफ कोंडली जाते, दाब वाढतो व पाण्याचा उत्कलनबिंदु वर चढतो. आपल्याकडील बहुतेक कुकरांच्या शिटीचें वजन दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलोग्रॅम जादा दाब झाल्यावर उचललें जातें. त्या वेळीं आंतील उष्णता १२० अंशांच्या आसपास असते. पातेल्यांत तासाहून अधिक वेळ घेणारे भिजविलेले हरभरे येथें २० मिनिटांत मऊ होतात, तें ह्याच २० अंशांच्या बळावर.

फ्रान्स देशांत जन्मलेल्या देनी पापँ नामक शास्त्रज्ञानें असें भांडें १६७९ सालीं लंडन येथें रॉयल सोसायटीस दाखविलें. १६८२ सालीं त्यानें त्या विद्वान मंडळीस त्यांत शिजविलेलें जेवणही घातलें. त्यांत कठीण हाडेंसुद्धां मऊ झालेलीं होतीं! तथापि आम्हांस त्याचें अधिक कौतुक वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीसाठीं. दाब फाजील झाल्यास आपोआप उघडणारी, वजनानें दाबून धरलेली झडप त्यानें ह्या भांड्यास बसविली. आपली शिटी ही तिचीच वंशज होय.

तर मग शिटी सांगते काय? आंत दाब पुरा झाला, आतां जादा वाफ बाहेर पडत आहे, एवढेंच. त्यानंतर आंच मोठी ठेवल्यानें अन्न लवकर शिजत नाहीं. केवळ ग्यास व पाणी वायां जातें. मोठ्या आंचेवर चार शिट्या पाहतां पाहतां होतात, बारीक आंचेवर त्यांस कितीतरी वेळ लागतो. मग चार शिट्या हें माप कसलें? पहिली शिटी होतांच आंच बारीक करावी व घड्याळाकडे पाहावें. भिजविलेली तुरीची डाळ डब्यांत साधारण ८ ते १० मिनिटांत शिजते. डाळ जुनी असल्यास थोडा वेळ अधिक द्यावा, हें गृहिणीस सांगावयास नको.

आतां धोक्याविषयीं. १२० अंशांचें पाणी दाबाखालीं असतें तोंवरच शांत असतें. झांकण जबरीनें उघडलें कीं दाब एकदम जातो, पाण्याच्या कांहीं भागाची क्षणांत वाफ होते आणि उकळती डाळ तोंडावर उडते. म्हणून घाई कितीही असो, दाब आपोआप उतरेपर्यंत झांकणास हात लावूं नये. डाळ डब्यांत न ठेवतां थेट कुकरांतच शिजवावयाची असल्यास तो निम्म्याहून अधिक भरूं नये, कारण तिचा फेस वाफेच्या नळींत जाऊन बसतो. चमचाभर तेल घातल्यास फेस कमी येतो. पाणी आटून भांडें फाजील तापलें, तर झांकणावरील सेफ्टी व्हॉल्व्हमधील मऊ धातु वितळून वाफेस वाट मिळते. असा व्हॉल्व्ह गेल्यावर त्याच्या जागीं भलतेंच कांहीं ठोकून बसविणें म्हणजे पहारेकऱ्यास बांधून ठेवून निजण्यासारखें आहे. नवा व त्याच जातीचा आणावा. रबरी रिंगही कडक झाल्यास बदलावी.

झांकण लावण्यापूर्वीं तें उजेडाकडे धरून नळींतून आरपार दिसतें कीं नाहीं हें रोज पाहावें. डाळीचें साल अडकलें असल्यास बारीक तारेनें काढावें. आमच्या मतें हें काम घरांतील मुलांकडेच द्यावें. त्यांची नजर मोठ्यांहून तीक्ष्ण असते.