दृष्टिहीन विद्यार्थी आणि मराठी डिजिटल वाचन

प्रस्तावना : छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींना पुस्तके सुगम स्वरूपात मिळावीत, यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार संमत झाला. २०१४ मध्ये त्यास अनुसमर्थन देणारे भारत हे पहिले राष्ट्र होय. तत्पूर्वी २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातील अडसर दूर झाला होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

मराठीतील अडचण : स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागील संकेतांक वाचतो. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरे व चिन्हांच्या संकेतांकांवर बसविलेले असत. त्यामुळे पडद्यावर ‘कविता’ दिसते, कानी मात्र निरर्थक ध्वनी पडतात. स्कॅन केलेले पान तर केवळ चित्र असते. ओसीआर केल्याशिवाय त्यातील शब्द ऐकता येत नाहीत.

निष्कर्ष : कायद्याने दिलेला हक्क अशा रीतीने फॉन्टपाशी अडतो. बोरी अरबसारख्या गावातील महाविद्यालयातही यावर उपाय शक्य आहे. एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर विनामूल्य मिळते. प्राध्यापकांनी टिपणे युनिकोडमध्ये टंकलिखित करावीत व आकृत्यांचे वर्णन शब्दांत द्यावे. तसे झाल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्याला अभ्यासासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागणार नाही.