टनांचा आकडा आणि ओंडक्याची गाठ
लाकूड फोडण्याच्या हायड्रॉलिक यंत्राबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुऱ्हाड आणि घण-पाचर चालवणारी माणसं आता सहजी मिळत नाहीत, आणि मिळाली तर त्यांची हजेरी परवडत नाही. त्यामुळे जळाऊ लाकडाचे वखारवाले, लग्नाच्या पंगती उठवणारे केटरर, लाकडावर बॉयलर चालवणारे छोटे कारखानदार आणि बागेतली जुनी झाडं काढणारे बागायतदार लाकूड फोडण्याच्या यंत्राची चौकशी करू लागले आहेत. दुकानात गेलं की पहिला आकडा कानावर पडतो तो टनांचा, आणि बहुतेकांचा निर्णय त्या एका आकड्यावर होतो. प्रत्यक्षात यंत्र कामाचं आहे की नाही, हे सिलिंडर, पंप आणि आपल्याकडचं लाकूड ही तिन्ही मिळून ठरवतात.

गैरसमज १ : जितके टन जास्त, तितकं यंत्र चांगलं.

वस्तुस्थिती : टनांचा आकडा कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतो. पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले तेलाचा दाब, एवढंच ते गणित. सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, १०० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण ७८.५ चौरस सेंटिमीटर होतं. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १.०२ किलो. म्हणजे २०० बार दाबावर हे यंत्र सुमारे १६ टन जोर लावेल. दाब १६० बार असेल तर तेच यंत्र पावणेतेरा टनांवर येतं. बोअर १२५ मिलिमीटर असेल तर २०० बारला २५ टन मिळतात.

आता कुणी १०० मिलिमीटरच्या बोअरवर ‘३० टन’ असं स्टिकर लावलं असेल, तर त्याला सुमारे ३७५ बार दाब लागेल. अशा यंत्रांवरचे साधे गिअर पंप बहुधा २०० ते २५० बारच्या आसपास चालवले जातात. म्हणजे आकडा फुगवलेला आहे. अमेरिकी माहितीपत्रकातला टन तर ९०७ किलोचाच असतो, हेही लक्षात ठेवावं. आणि सिलिंडर बाहेरून मोजू नये. जाड नळीचा बाहेरचा व्यास आणि आतला बोअर यांत बराच फरक असतो.

गैरसमज २ : मोठं सिलिंडर घेतलं की काम लवकर उरकतं.

वस्तुस्थिती : पंप तोच ठेवून सिलिंडर मोठं केलं, तर काम मंदावतं. दट्ट्याची धाव ६०० मिलिमीटर धरू. १०० मिलिमीटर बोअर भरायला सुमारे ४.७ लिटर तेल लागतं, १२५ला ७.४ लिटर. मिनिटाला २० लिटर देणाऱ्या पंपावर पहिल्याची पुढची धाव १४ सेकंदांत होते, दुसऱ्याची २२ सेकंदांत. दिवसभरात शेकडो ओंडके फोडायचे असतील तर हे आठ सेकंद भारी पडतात.

यावरचा तोडगा म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. ओंडक्यापर्यंत पोहोचताना दाब लागत नाही, तेव्हा तो भरपूर तेल ढकलतो, समजा मिनिटाला ४० लिटर. पाचर लाकडात अडली की प्रवाह १० लिटरांवर येतो आणि दाब चढतो. बार गुणिले लिटर भागिले ६००, म्हणजे लागणारे किलोवॅट. ४० लिटर आणि २०० बार एकाच वेळी हवे असतील तर १३ किलोवॅटहून जास्त, म्हणजे जवळजवळ १८ अश्वशक्ती लागेल. १० लिटरांवर तेच काम साडेतीन किलोवॅटच्या आत होतं. गळती-घर्षणाची तूट धरूनही पाच-सहा अश्वशक्तीचं इंजिन पुरतं. म्हणून टन विचारून झाले की पंप किती टप्प्यांचा आहे आणि धाव पूर्ण करून दट्ट्या मागे यायला किती सेकंद लागतात, हे विचारायलाच हवं.

गैरसमज ३ : घरच्या प्लगला लावलं की झालं, नाहीतर ट्रॅक्टर आहेच.

वस्तुस्थिती : तीन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण १४ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. अंगणापर्यंत ओढलेल्या लांब, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर कण्हते आणि जळते. वखारीसारखं रोजचं काम असेल तर थ्री फेज किंवा डिझेल इंजिन हाच सरळ मार्ग. शेतीपंपाच्या जोडणीवर व्यावसायिक काम करता येत नाही, आणि तिथली वीजही ठरावीक तासांचीच असते.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे यंत्रं जोडायचा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे देतो. बहुतेक गिअर पंपांना त्याहून जास्त वेग लागतो, म्हणून मध्ये वेग वाढवणारा गिअरबॉक्स हवा. ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर यंत्र चालवायचं असेल तर त्याचा पंप मिनिटाला किती लिटर देतो, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आधी पाहावं.

गैरसमज ४ : लाकूड आधी वाळवावं, मग फोडावं.

वस्तुस्थिती : क्रम उलटा हवा. लाकडातलं पाणी मुख्यतः शिरांच्या दिशेनं, म्हणजे कापलेल्या तोंडांतून बाहेर पडतं; साल त्याला अडवून धरते. अख्खा ओंडका बाहेरून सुकलेला दिसतो आणि आत ओला राहतो. फोडलेल्या ढलप्या पावसाळ्याआधी उन्हात आणि वाऱ्यावर रचल्या तर लवकर वाळतात. निलगिरीसारखी पिळाची लाकडं ओली असतानाच बरी फुटतात. वाळल्यावर तीच पाचर धरून ठेवतात.

वाळवण्याचं महत्त्व जळणाच्या हिशेबात कळतं. वजनाच्या २० टक्के ओल असलेलं लाकूड किलोमागे ढोबळमानानं ३४०० किलोकॅलरी देतं. ओल ५० टक्के असेल तर उष्णता १९०० वर येते, कारण अर्धं वजनच पाण्याचं असतं आणि ते पाणी उडवण्यात आणखी उष्णता जाते.

गैरसमज ५ : सुरू फुटलं म्हणजे बाभूळही फुटेल.

वस्तुस्थिती : दुकानात दाखवण्यासाठी सरळ शिरांचा, बिनगाठीचा ओंडका ठेवलेला असतो. फांद्या फुटलेला बाभळीचा बुंधा किंवा जुन्या आंब्याची बेचकी ही वेगळी परीक्षा. चार फाळ्यांची पाचर एका धावेत चार तुकडे करते खरी, पण तिला जोरही बराच जास्त लागतो. गाठीच्या लाकडात ती अडकून बसते, म्हणून काढता-घालता येणारी घ्यावी. नारळाच्या खोडात तर इतर झाडांसारखी वर्षवलयं नसतात, नुसते धागे असतात. ते कडकन फुटत नाही, चिंध्या होत जातं.

वजनही धरायला हवं. ४५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच लांबीचा ओला ओंडका ७० किलोच्या घरात जातो. तो कमरेइतक्या उंच, आडव्या यंत्रावर दिवसभर कोण उचलणार? मोठे बुंधे नेहमीचे असतील तर उभं करता येणारं किंवा उचलणीचा हात असलेलं यंत्र घ्यावं.

गैरसमज ६ : दट्ट्या सावकाश चालतो, म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती : तो सावकाश चालतो, पण हात मध्ये आला म्हणून थांबत नाही. एकानं ओंडका धरायचा आणि दुसऱ्यानं लिव्हर ओढायचा, ही आपल्याकडची सोयीची पद्धत सर्वांत घातक. पाचरीच्या यंत्रांसाठीच्या ईएन ६०९-१ या युरोपीय मानकात दोन्ही हातांनी चालवायची रचना आहे, ती याचसाठी. दोन्ही हात लिव्हरवर असतील तर पाचरीखाली हात जाऊच शकत नाही. एका लिव्हरला दोरी बांधून ‘सोय’ करणारे महाभाग असतात. त्यांनी सुरक्षेचे पैसे भरून ती सुरक्षा काढून टाकलेली असते. ओंडका आडवा ठेवून शिरांच्या विरुद्ध फोडू नये, तो तुटून उडतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. होज पाइपला सुईएवढं भोक पडलं तर २०० बारचं तेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण आतलं मांस मरू लागतं. अशा माणसाला लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं आणि ‘दाबाचं तेल शिरलंय’ असं स्पष्ट सांगावं. गळती शोधताना हात फिरवू नये, पुठ्ठा धरावा.

स्वस्त म्हणून फिरत्या शंकूचं, स्क्रूसारखं यंत्र सुचवलं जातं. ते ओंडक्यासकट गरगर फिरू शकतं आणि बाही, उपरणं, पदर ओढून घेतं. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

गैरसमज ७ : तेल कुठलंही चालतं, आणि जोर कमी पडला तर व्हॉल्व्ह आवळावा.

वस्तुस्थिती : थंड देशांतल्या पुस्तिकेत पातळ, ३२ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल सांगितलेलं असतं. आपल्या उन्हाळ्यात साधारणपणे ४६ किंवा ६८ ग्रेड लागतं. नक्की कोणतं, ते पंपाच्या उत्पादकाकडून घ्यावं. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, ते बदलावं. किनारपट्टीवर काम संपल्यावर दट्ट्या आत घेऊन ठेवावा, नाहीतर खारट हवेत दांड्याचं क्रोम गंजतं आणि मग सील फाटतं. रिलीफ व्हॉल्व्ह हा यंत्राचा जीव वाचवणारा भाग आहे. तो आवळला तर दाब वाढतो, पण तो दाब पेलायची यंत्राची ताकद वाढत नाही. होज, पंप किंवा वेल्डिंग यांपैकी काहीतरी फुटतं.

गैरसमज ८ : यंत्र आलं की धंदा सुरू.

वस्तुस्थिती : यंत्र विकत घेतलं म्हणून झाड तोडायची मोकळीक मिळत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरांसाठी १९७५चा वेगळा कायदा आहे. लाकडाच्या वाहतुकीचे नियम वनखात्याकडून आधीच समजून घ्यावेत. गिऱ्हाइकाचाही विचार हवा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळवण्याचे आदेश दिले. त्या भट्ट्यांच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्यानं हिशेब नव्यानं मांडावा.

पैसे देण्याआधी आपल्याकडचा सर्वांत गाठाळ ओंडका दुकानात घेऊन जावा. पुढची-मागची धाव घड्याळ लावून मोजावी. मग दाबाचा गेज जोडायला सांगावा, दट्ट्या धावेच्या टोकाला टेकवून क्षणभर लिव्हर धरायला लावावा आणि गेजवरचा आकडा बोअरच्या क्षेत्रफळानं गुणावा. येतील ते खरे टन. विक्रेता गेज लावू देत नसेल, तर त्याच्या स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, ते यंत्र घेऊ नये.